निवृत्त प्राध्यापकांचं दप्तर कसं लावायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या एक प्राध्यापिका पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या आहेत. घरी कागदांची तीसेक खोकी, फ्लॉप्यांचे डबे, कॅसेटी आणि दोन जुने संगणक आहेत. अर्धं सामान विद्यापीठातल्या कामाचं आहे. उरलेलं त्यांनी चालवलेलं वस्ती-वाचनालय, प्रौढ साक्षरता वर्ग आणि ग्रंथालय कर्मचाऱ्यांची संघटना यांचं आहे. त्यांच्या एका विद्यार्थ्याला हे लावून पुढे एखाद्या अभिलेखागाराकडे, म्हणजे जुनी कागदपत्रं कायमची जपणाऱ्या संस्थेकडे, सोपवायचं आहे. सुरुवात कुठून करावी, काय ठेवावं, काय टाकावं?

सर्वांत आधी, कागद विषयवार लावू नका. तुम्ही आणि मॅडम दोघंही ग्रंथालयशास्त्रातले, त्यामुळे हात आपोआप तिकडेच वळेल: अध्यापन एकीकडे, संशोधन दुसरीकडे, समाजकार्य तिसरीकडे आणि त्यावर वर्गांक, म्हणजे विषयाचा क्रमांक. पुस्तकांना हे चालतं, कारण छापील पुस्तक स्वतःपुरतं पूर्ण असतं आणि त्याच्या प्रती इतरत्रही असतात. दप्तरातला कागद मात्र शेजारच्या कागदामुळे कळतो. समजा, एका फाइलीत तालिकीकरणाच्या (पुस्तकांची सूची करण्याच्या) प्रात्यक्षिकाचा छापील कागद आहे, त्याखाली वस्ती-वाचनालयाच्या दाखलनोंद वहीची (आलेली पुस्तकं नोंदवायच्या वहीची) नक्कल आणि त्याखाली विद्यार्थ्यांच्या हजेरीचा तक्ता. हे तीन कागद एकत्र पाहिले तरच समजतं, की त्या वर्षी वाचनालयाची यादी विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकातून तयार झाली. तीन विषयांत त्यांची वाटणी केली की ही माहिती जगात कुठेच उरत नाही आणि नंतर कितीही शोधलं तरी परत मिळत नाही. मूळ उगम आणि मूळ क्रम जपायचा हा नियम म्युलर, फाइथ आणि फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांनी १८९८ साली नीट मांडला आणि आजही जगभरचं काम त्यावरच चालतं. तुमच्या प्रश्नातल्या दप्तरात तर करिअर आणि समाजकार्य एकमेकांत गुंतलेलं आहे. ती गुंतागुंत हीच या संग्रहाची खरी किंमत. ती सोडवायला जाऊ नका.

अपवाद एकच. घर बदलताना हाताला येईल ते कोंबलेलं खोकं असेल, तर त्याला मूळ क्रमच नसतो. तिथे क्रम तुम्ही लावायचा, पण कामाप्रमाणे: वाचनालयाचा कारभार, साक्षरता वर्ग, संघटनेच्या बैठका, अभ्यासक्रम आखणी, मार्गदर्शन. आणि हा क्रम आपण लावला आहे, असं यादीत स्पष्ट लिहायचं.

खोकी उघडण्याआधी प्रत्येक कपाटाचा, फळीचा आणि टेबलाच्या खणाचा फोटो घ्या. मग खोक्यांना अनुक्रमांक द्या आणि एक साधा तक्ता करा: क्रमांक, कुठे सापडलं, वर काय लिहिलं होतं, आत साधारण काय आहे, कोणत्या वर्षांतलं, स्थिती कशी. एका खोक्याला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. पत्रं वाचत बसलात तर तीस खोक्यांना तीस आठवडे लागतील. बहुतेक घरगुती प्रयत्न इथेच, चौथ्या-पाचव्या खोक्याशी, बंद पडतात.

हा तक्ता झाला की मॅडमबरोबर बसून एका मोठ्या कागदावर कालपट आखा. वर वर्षं, त्याखाली नोकरीतली पदं आणि शिकवलेले विषय, त्याखाली समित्या, त्याखाली सामाजिक कामं. तारखा नेमक्या नसल्या तरी चालेल, पण कोणती कामं एकाच काळात चालली होती ते दिसलं पाहिजे. पुढे एखादी तारीख नसलेली चिठ्ठी सापडली, की ती कुठली हे ठरवायला याच पटाचा आधार मिळतो.

आता कोणत्या कागदांना आधी हात घालायचा? माझं मत ठाम आहे: सामाजिक कामाच्या. विद्यापीठातल्या कामाच्या प्रती इतरत्र असतात. लेख नियतकालिकांत आहेत, प्रबंध ग्रंथालयात आहेत, अभ्यास मंडळाची इतिवृत्तं विद्यापीठाच्या दप्तरी आहेत. वस्ती-वाचनालयाची देवघेव वही, साक्षरता वर्गाचं हजेरीपत्रक, हाताने लिहिलेलं सभेचं पत्रक, वर्गणीची पावतीपुस्तकं यांची दुसरी प्रत बहुधा नसतेच. अशा संस्थांना कार्यालय नसतं, त्यांचं दप्तर चिटणिसांच्या घरी राहतं आणि आवराआवरीत आधी रद्दीत जातं. करिअरचा कागद महत्त्वाचा आणि वस्तीतला कागद किरकोळ, असं घरच्यांना वाटतं. पन्नास वर्षांनी संशोधक जे शोधेल ते नेमकं उलटं असेल: कोणत्या वयाचे वाचक यायचे, कोणती पुस्तकं पुनःपुन्हा नेली जायची, वर्ग कोणत्या महिन्यात ओस पडायचा.

इथे मालकीचा एक पेच निघतो, तो सुरुवातीलाच सोडवा. मॅडम संघटनेच्या चिटणीस असताना लिहिलेली इतिवृत्तं त्यांच्या घरी असली, तरी ती संघटनेची आहेत. त्यांनी स्वतः काढलेल्या टिपा, भाषणांचे मसुदे, आलेली खाजगी पत्रं त्यांची. संस्था आजही चालू असेल तर तिची लेखी संमती घ्या, किंवा मूळ कागद तिला परत देऊन स्कॅन केलेली प्रत संग्रहात ठेवा. संस्था बंद पडली असेल, तर शेवटचे पदाधिकारी कोण होते ते नोंदवा आणि त्यांच्यापैकी हयात असलेल्या दोघा-तिघांची संमती मिळवा. हे न करता दिलेल्या संग्रहाचा तो भाग अभिलेखागार वाचकांना उघडत नाही, आणि मग सगळे कष्ट बंद खोक्यात पडून राहतात.

काय टाकायचं, याबाबत मन घट्ट करावं लागतं. इतरांच्या छापील लेखांच्या झेरॉक्स, परिषदांच्या कोऱ्या वह्या, कोरे अर्ज, एकाच पत्रकाच्या दोनपेक्षा जास्त प्रती, प्रवासाची बिलं, बँकेची पत्रकं, प्रकाशकांच्या याद्या, हे सगळं काढा. प्राध्यापकांच्या खोक्यांतला मोठा वाटा हाच असतो. मात्र झेरॉक्सच्या समासात टिपा असतील तर ती ठेवा, कारण ती आता त्यांची नोंद झाली. एकाच अभ्यासक्रमाच्या टिपा वर्षानुवर्षांच्या असतील तर सगळ्या नकोत. विषय बदलला ती वर्षं निवडा: कार्ड तालिकेकडून संगणकीय तालिकेकडे वळण घेतलं ते वर्ष, इंटरनेटवरचा शोध पहिल्यांदा शिकवला ते वर्ष. प्रश्नपत्रिका ठेवा, उत्तरपत्रिका नकोत.

गुणपत्रकं, शिफारसपत्रं, निवड समितीचे शेरे आणि नियतकालिकांसाठी केलेली परीक्षणं वेगळ्या पाकिटांत काढा. त्यांत तिसऱ्याच माणसांची खाजगी माहिती आहे आणि परीक्षणं तर गोपनीयतेच्या बोलीवर लिहिलेली असतात. नष्ट करायची की ठरावीक वर्षं बंद ठेवायची, हे घेणाऱ्या संस्थेशी बोलून ठरवा. साक्षरता वर्गाच्या नोंदींचंही तसंच. त्यांत नावं, पत्ते, वयं आणि कधी कौटुंबिक अडचणींच्या टिपा असतात. ती माणसं किंवा त्यांची मुलं आजही तिथेच राहत असतील. अशा वह्या जपायच्या, पण खुल्या करायच्या नाहीत.

कागद हाताळताना गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल काढा. ओढून नाही, पातळ बोथट पात्याने टोकं सरळ करून मागून ढकला. रबरबँड काढाच, ते वितळून कागदाला चिकटतात. जुनी सेलोटेप मात्र सोडून द्या. ओढली की अक्षरासकट कागदाचा पापुद्रा निघतो. जुन्या फॅक्सचे गुळगुळीत कागद उष्णतेने उमटणारे असतात आणि काही वर्षांत कोरे होतात, त्यांची आधी साध्या कागदावर झेरॉक्स घ्या. फायलींसाठी आम्लरहित कागदाची जाकिटं वापरा आणि त्यांवर मऊ पेन्सिलीने लिहा. ठेवायची जागा कोरडी, अंधारी आणि तापमान फारसं न बदलणारी हवी: आर्द्रता ३५ ते ५० टक्के, तापमान २० अंशांच्या आत. आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. पोटमाळा आणि तळघर दोन्ही टाळा. कसर दिसली तर ती फाइल पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांना आठवडाभर ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवस उघडू नका, नाहीतर कागदावर दव जमतं. बुरशी असेल तर खोकं ताबडतोब बाकीच्यांपासून दूर न्या. घरात ब्रशने झटकू नका, तिचे कण सगळीकडे पसरतात.

फोटोंच्या मागे बॉलपेनने कधीही लिहू नका, खुणा पुढच्या बाजूला उमटतात. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो खेचून काढू नका. फोटो आणि पान यांच्यामधून दात साफ करायचा साधा धागा (फ्लॉस) करवतीसारखा हळूहळू ओढला तर बहुतेक सुटतात. प्लास्टिकची पाकिटं पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या, पीव्हीसीची नकोत.

डिजिटल भागाला घाई आहे. कागद दहा वर्षं थांबेल, फ्लॉपी थांबणार नाही. जुने संगणक 'चालतात का बघू' म्हणून सुरू करू नका. सुरू होताना प्रणाली शेकडो फायलींच्या तारखा बदलते आणि वीसेक वर्षं बंद असलेला वीजपुरवठ्याचा भाग जळू शकतो. हार्डडिस्क काढून, लेखनरोधक जोडणीतून (जिच्यातून डिस्क फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही) दुसऱ्या संगणकाला लावा आणि संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण नक्कल, घ्या. फ्लॉप्यांचंही तसंच: साडेतीन इंची फ्लॉपीची कोपऱ्यातली खिटी सरकवून छिद्र उघडं करा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. यूएसबीच्या वाचकयंत्रात ती वाचता येते. सव्वापाच इंचीसाठी जुनं यंत्र आणि खास नियंत्रक लागतो, ते काम जाणकाराकडे द्या. 'फ्लॉपी फॉरमॅट करायची का' असं संगणकाने विचारलं की उत्तर नेहमी 'नाही'. एखादी वाचली गेली नाही तर दुसऱ्या यंत्रात लावून पाहा, कारण दोन यंत्रांतल्या फ्लॉपी वाचणाऱ्या डोक्यांची (हेडची) जुळणी किंचित वेगळी असते आणि एकाला न वाचता येणारी फ्लॉपी दुसऱ्याला वाचता येते.

या विषयाच्या प्राध्यापकांकडे हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे सीडीएस/आयसिस या युनेस्कोच्या ग्रंथालयीन नोंदींच्या संगणक प्रणालीतले डेटाबेस. वस्ती-वाचनालयाची तालिकाही त्यात असण्याची दाट शक्यता आहे. या प्रणालीत एक डेटाबेस अनेक फायलींचा असतो. एमएसटी फायलीत नोंदी असतात आणि एक्सआरएफ फायलीत त्या कुठे आहेत याचा पत्ता. पण क्षेत्रांची नावं एफडीटी फायलीत असतात. ती हरवली तर तुमच्या हाती नुसते क्रमांक उरतात: २४ म्हणजे शीर्षक की प्रकाशक, हे अंदाजाने ठरवावं लागतं. म्हणून एकाच नावाच्या आणि वेगवेगळ्या प्रत्ययांच्या सगळ्या फायली एकत्र उचला. शोधासाठी बनवलेल्या अनुक्रमणीच्या फायली मात्र गेल्या तरी चालतं, त्या पुन्हा तयार करता येतात. विंडोजवरच्या आवृत्तीत जुना डेटाबेस उघडतो. तिथून आयएसओ २७०९ या ग्रंथालयीन नोंदींच्या देवाणघेवाणीच्या स्वरूपात निर्यात करा आणि सोबत क्षेत्रांचा तक्ता साध्या मजकुराच्या फायलीत लिहून ठेवा. डीबेस या जुन्या डेटाबेस प्रणालीच्या डीबीएफ फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात.

जुने देवनागरी मजकूर उघडल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला तर फाइल बिघडली असं समजू नका. ती युनिकोडपूर्व फाँटात टंकलेली आहे. त्याच डिस्कवर फाँटची फाइल आहे का ते शोधा, तीही जतन करा, आणि मग परिवर्तक वापरा. परिवर्तनात रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी हटकून चुकतात, म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नका. वाचायला सोपी प्रत हवी असेल तर जपणुकीसाठीच ठरवलेल्या पीडीएफ/ए स्वरूपात करा. त्यात फाँट फायलीच्या आतच राहतात.

मूळ डिजिटल फायलींची नावं बदलू नका. प्रतिमा घेतली की लगेच प्रत्येक फायलीचा एसएचए-२५६ ठसा काढून यादीत ठेवा. हा फायलीवरून निघणारा अक्षर-अंकांचा संकेत असतो, फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो. बॅगइट रचनेत हे आपोआप होतं: एका फोल्डरात माल आणि बाजूला ठशांची यादी. वर्षातून एकदा ठसे पडताळा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. फक्त मेघसाठ्यावर विसंबू नका, तिथे चुकून पुसलेली फाइल बाकी प्रतींतूनही पुसली जाते.

विद्यापीठाचं ईमेल खातं निवृत्तीनंतर कधी बंद होणार ते आजच विचारा. सगळं टपाल एमबॉक्स (अनेक पत्रं एकाच फायलीत ठेवणाऱ्या) स्वरूपात, जोडपत्रांसह उतरवून घ्या. एकेक पत्र पीडीएफ करणं म्हणजे उत्तर-प्रत्युत्तरांची साखळी तोडणं. संघटनेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाची निर्यात करता येते, पण तिला संदेशांच्या संख्येची मर्यादा आहे, जुने संदेश निसटतात. म्हणून लवकर करा आणि गटातल्या लोकांना सांगून करा.

सगळंच स्कॅन करावं का? नाही, आणि हिशेब मांडला की ते पटतं. एका खोक्यात दोन हजार कागद धरले तर तीस खोक्यांत साठ हजार. ए-४ कागद ३०० पीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), रंगीत, न दाबलेल्या टिफ प्रतिमेत साधारण २६ एमबी होतो, म्हणजे दीड टीबीपेक्षा जास्त. सपाट स्कॅनरवर तासाला चाळीस कागद झाले तर पंधराशे तास, तेही एकच बाजू धरून. म्हणून निवडा: ज्यांची दुसरी प्रत नाही अशा वस्तीच्या वह्या, विरणारे कागद, फोटो. छोट्या फोटोंना ६०० पीपीआय ठेवा. नावं देताना संग्रहाचा संकेत, खोकं, फाइल, पान असा क्रम ठेवा, रोमन लहान अक्षरं, अंक आणि अधोरेषा एवढंच वापरा, आणि क्रमांक आधीपासून चार अंकी ठेवा, नाहीतर १० नंबरचं पान २ च्या आधी बसतं. कॅसेटींना तेवढाच वेळ लागतो जेवढ्या त्या वाजतात. वाजवण्याआधी कडेच्या प्लास्टिकच्या दोन्ही छोट्या पट्ट्या मोडा म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही, आणि ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह स्वरूपात घ्या. स्टीरिओत तासाला दोन जीबीपेक्षा थोडं जास्त होतं.

वर्णनात आयएसएडी(जी) या अभिलेखांच्या वर्णनाच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या २६ घटकांपैकी सहा अत्यावश्यक मानले जातात: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, काळ, आकारमान आणि वर्णनाची पातळी. वरून खाली लिहा: आधी संपूर्ण संग्रह, मग मालिका, मग फाइल. माहितीशास्त्राच्या माणसाला प्रत्येक कागदाला डब्लिन कोअर या वर्णनाच्या मानकाचे पंधराही घटक लावायचा मोह होतो. फाइलीच्या पातळीवर थांबा. 'वस्ती-वाचनालय, पुस्तक निवड समिती, पत्रव्यवहार, १९८८–१९९१, ४५ पानं' एवढी ओळ संशोधकाला पुरते. कागदावारी यादी फक्त फोटो आणि ध्वनिफितींची करा. मॅडमचं ओर्किड (संशोधकांना स्वतंत्र ओळखक्रमांक देणारं) खातं नसेल तर ते काढून तो सोळा अंकी क्रमांक निर्मात्याच्या नोंदीत टाका, एकाच नावाच्या दोन लेखकांची गल्लत मग होत नाही.

कागद जे सांगत नाहीत ते मॅडमना विचारून ध्वनिमुद्रित करा. 'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' असं नको. एक फाइल किंवा फोटो समोर ठेवा आणि विचारा: हा निर्णय कोणी घेतला, विरोध कोणाचा होता, वर्ग का बंद पडला, पुस्तकं कोणी दिली. एका बैठकीला तास-सव्वा तास पुरे. सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्यांची नावं ध्वनिफितीतच बोला. दर पाच मिनिटांना काय विषय चालला होता त्याची अनुक्रमणी त्याच दिवशी लिहा, पुढच्या आठवड्यावर टाकली की ती होत नाही. फोटोतली माणसं ओळखायला वाचनालयातले जुने कार्यकर्तेही बोलवा. दोघं-तिघं एकत्र असले की एकाची आठवण दुसऱ्याची जागी करते आणि चूकही तिथेच सापडते. संमतिपत्रक ध्वनिमुद्रणाच्या शेवटी सही करून घ्या, कारण आपण काय बोललो ते तोवर सांगणाऱ्याला कळलेलं असतं.

अभिलेखागाराशी बोलणी मात्र या सगळ्याच्या शेवटी नको. खोक्यांचा पहिला तक्ता तयार झाला की लगेच तो घेऊन जा. त्यांना काय घेता येईल, कोणती जाकिटं आणि कोणतं स्वरूप चालतं, हे आधी कळलं तर काम दोनदा करावं लागत नाही. दानपत्रात पाच गोष्टी स्पष्ट हव्यात: मालकी कोणाकडे जाते, लेखनहक्क (कॉपीराइट) कोणाकडे राहतो, कोणता भाग किती वर्षं बंद, डिजिटल प्रती खुल्या करायची परवानगी आहे का, आणि त्यांना नको असलेले कागद परत द्यायचे की नष्ट करायचे. आलेल्या पत्रांबाबत लक्षात ठेवा: कागद मॅडमचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. त्यामुळे ती वाचायला देता येतात, संकेतस्थळावर टाकता येत नाहीत. आणि संग्रह एकाच ठिकाणी द्या. संशोधनाचे कागद विद्यापीठाला आणि वस्तीचे कागद स्थानिक संस्थेला अशी वाटणी करायला दोन्हीकडचे लोक आनंदाने तयार होतील. तरीही एकाच संस्थेला मूळ संग्रह द्या आणि दुसरीकडे वाचनालयाच्या वह्यांच्या डिजिटल प्रती व यादी ठेवा.